एकच रबरी नळी

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९४६
जबलपूर, दिवेलागणीची वेळ

पीएच.डी.चं काम करणाऱ्या आम्हा दोघांना, तिवारींना आणि मला, सरांनी आजपासून काचकाम शिकवायला घेतलं. आपली उपकरणं आपणच घडवायची, हा त्यांचा नियम. काच दोन्ही हातांनी ज्योतीत फिरवायची आणि तिला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून हळू फुंकायचं. नळी एकच.

तिवारी म्हणाले, "दीदी, पहले आप." मी म्हटलं, आधी बघते. मग त्यांनी फुंकलं, नळीचं टोक स्पिरिटने पुसून माझ्यापुढे धरलं. माझा हात वर गेलाच नाही. कुणाचं उष्टं मी कधी तोंडाला लावलेलं नाही. स्पिरिटनंतर काही उरत नाही, हे मला कळतं. मग?

सरांना वाटलं, मी आगीला भ्याले. "राहू द्या. तुमच्या उपकरणाचे काचेचे जोड तिवारी करून देतील." नळीचं सांगितलं असतं तर तिवारींचा अपमान. नाही सांगितलं, तर माझं उपकरण दुसऱ्याच्या हातचं. परीक्षकांनी विचारलं, हे कुणी केलं, तर काय सांगू? प्रबंध माझा राहील का?

आई दोनदा डोकावली. "जेवायला काहून येत नाहीस? काय लिहून राहिली एवढं?"

आत्ता लिहिताना लक्षात येतंय. "पहले आप" म्हणाले, म्हणजे माझ्यानंतर तीच नळी ते तोंडात घेणार होते. घरी सोवळं पाळणारे तिवारी.

उद्या सरांच्या आधी पोचायचं. तिवारींना म्हणायचं, आधी तुम्ही फुंका, मग मला द्या.

न पुसता? नाही. पुसूनच.