आठ वाजता किती जण?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भागाकार! आजपासून साहेबांचं हेच नाव. दुसरं शोभतच नाही.

डायलिसिस सेंटरची नवी वेबसाइट सोमवारी सुरू होणार. ती किती माणसांचा भार पेलते ते तपासणं माझं काम. पण एका वेळी किती जण येतील ते आधी ठरायला हवं ना? साहेबांनी चहा संपायच्या आत ठरवलं. साइटला महिन्याला बारा हजार भेटी, भागिले तीस, भागिले चोवीस – तासाला सतरा. एकेक जण तीन मिनिटं थांबणार. "म्हणजे एका वेळी एकच!" वर मोठ्या मनाने वीस धरले. उपकारच!

अहो, आठवड्याचं बुकिंग सकाळी आठला उघडणार. जागा सव्वाशे, पेशंट दीडशेच्या वर. आधी बटण दाबेल त्याची जागा, बाकीच्यांनी कुणी रद्द करतंय का याची वाट बघायची. पहाटे तीनला कोण येणार तिथे? सगळे आठच्या ठोक्याला तुटून पडणार. आणि त्या दीडशेत माझे बाबा आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बाबांना सेंटरवर सोडलं आणि मुद्दाम थांबले. बाकावरच्या प्रत्येकाला विचारत सुटले – सोमवारी तुमच्यासाठी कोण दाबणार? रिटायर्ड ड्रायव्हरकाका म्हणाले, "मी, बायको, दोन्ही पोरं आणि जावई. ज्याचं लागेल त्याचं!" शिवणकाम करणाऱ्या मावशींची सून ऑफिसातून चार-चार खिडक्या उघडून बसणार आहे. एकाने तर शेजाऱ्यांनाही जुंपलंय. म्हणजे एका पेशंटमागे पाच जण! मी दीडशे धरून बसले होते. झाले साडेसातशे.

पूर्वी कुणाला कधी घ्यायचं ते सिस्टर ठरवायच्या, तब्येत बघून. आता त्यांच्या हातात काही नाही. "नवीन पद्धत पारदर्शक आहे म्हणे," एवढंच बोलल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साडेसातशेचा आकडा सांगितला. भागाकार हसले. "तू ना, फार घरचं करून घेतेस." घरचंच आहे ते!

वीसची टेस्ट पास झाली म्हणून टाळ्या. मी कुणाला न विचारता साडेसातशेची चालवली. दीडशेलाच साइटने मान टाकली. कुणाचं बुकिंग अर्धवट, कुणाचं गायब. दाखवलं. तर म्हणतात, "तारीख जाहीर झालीय, आता खुसपट नको." खुसपट! पालथ्या घड्यावर पाणी. डोकं इतकं तापलं की दार आपटून बाहेर पडले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जेवताना घरी सगळा राग ओकले. बाबा शांतपणे म्हणाले, "पण सगळे एकदम आले नाहीत तर चालेल ना ती?"

"चालेल हो! पण जागा कमी आहेत बाबा. मागे कोण थांबेल? वेडा आहे का कुणी?" जरा जोरातच बोलले.

सोमवारी मी तर ऑफिसात अडकणार. दादा बाबांना म्हणाला, मी बसतो तुमच्यासाठी. "नको, मला येतं." दादाने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. बसा मग आपापला हट्ट घेऊन!

रविवार, ९ नोव्हेंबर

बाबा दिवसभर फोनवर. मी जवळ गेले की उठून गॅलरीत जातात. दम लागतो तरी बडबड चालूच. सांगायचं कुणी?

सोमवार, १० नोव्हेंबर

साइट पडली नाही!!

आठला मी स्क्रीनसमोर. भागाकार मागे उभे. आठ वाजले – पाच जण. मग सहा. मग पुन्हा पाच. एकदाच काय ते एकोणीसवर गेलं. हळूहळू सगळ्या जागा भरल्या, एकही बुकिंग अडकलं नाही. "बघितलंस? वीस म्हटलं होतं ना मी!" सगळ्यांसमोर! केक मागवला. माझी साडेसातशे माणसं गेली कुठे?

दुपारी न राहवून ड्रायव्हरकाकांना फोन केला. त्यांनाच नवल वाटलं. "अगं, तुला माहीत नाही? तुझ्या बाबांनीच तर एकेकाला फोन केले! म्हणाले, सगळ्यांनी एकदम दाबलं तर साइट बसेल, मग कुणालाच काही मिळायचं नाही. घरटी एकच फोन, पाच-पाच जणांची टोळी, एकीचं झालं की दुसरीने दाबायचं. ज्याची तब्येत जास्त बिघडलेली, तो आधी. दहा-पंधरा जण घुसले मध्येच, पण बाकीच्यांनी पाळलं बघ!"

जिन्यात उभी राहून रडले. मग पुन्हा संताप आला. श्रेय भागाकारांनी खाल्लं, केकसकट! उद्या सगळं तोंडावर सांगणार आहे, नोकरी गेली तरी बेहत्तर.

सोमवार, संध्याकाळ

बाबांना जागा नाही.

सगळ्यांच्या मागे स्वतःला ठेवलं होतं. पाय आत्ताच सुजलेत. मी ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले. ते म्हणाले, "अगं, मीच सगळ्यांना थांबा म्हणायचं आणि मीच पुढे घुसायचं?"