हंगेरीतल्या त्या सभेतला बेकरीवाला

सेरंगून, सिंगापूर, रविवार, १४ सप्टेंबर २०१४

लेख आज संपादकांना पाठवायचा होता. नाही पाठवला. तीन वर्षं, कुणा प्राध्यापकाचा हात न धरता, त्या हंगेरियन राष्ट्रवादी पुढाऱ्याचं चरित्र जुळवलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार. एकच तपशील अडला होता: त्याची पहिली मोठी सभा गच्चीवरून झाली की घोडागाडीवरून?

ऑफिसातल्या हंगेरियन गाबोरची आई, इलोनाबाई, सध्या त्याच्याकडे राहायला आल्यात. सभेच्या वेळी त्या त्याच गावात होत्या, सात वर्षांच्या. विचारायला गेलो.

"गाडीवरून," त्या म्हणाल्या. "आमच्या बेकरीसमोर. हिरवी गाडी." मी लगेच टिपलं.

"ज्यूंना हाकला, असं ओरडत होता तो. आम्ही ज्यूच. पण बाबा पहिल्या महायुद्धातलं पदक लावून गर्दीत टाळ्या वाजवत उभे होते. त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय."

"मग?"

"पुढे त्यांनाच नेलं. परत आले नाहीत."

यावर मी काय विचारावं? गाडीला घोडे किती होते! "दोन," त्या शांतपणे म्हणाल्या. का विचारलं मी ते? दोन असोत की चार.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, तो बेकरीवाला लेखात हवाच, त्याच्याशिवाय हे चरित्र खोटं.

"मग घाला की. नाव काय त्यांचं?"

वही उघडली. गाडी हिरवी, घोडे दोन, बेकरी रस्त्याच्या डाव्या हाताला. नाव मी विचारलंच नव्हतं.