पाहुण्यांसाठी भरलेला खड्डा

२ जुलै, सकाळ.
मी सांगतेय, सून नजीहा लिहितेय. तिला अक्षरं येतात, मला अक्कल. वाटणी बरोबर आहे.
आपली पाणथळ आटली, त्यावर फिल्म काढायला बगदादहून रुआ नावाची बाई येतेय. त्यात गाणं माझं. फिल्म बघून सरकार वरच्या धरणातून पाणी सोडणार. काम झालंच म्हणायचं. आजपासून शेजारणीशी भांडण बंद. आवाज जपायचा.

३ जुलै.
शेजारीण स्वतःहून भांडली. इलाज नव्हता. घसा बसला.
आमची कहला म्हैस खारं पाणी पिऊन नुसती हाडं राहिलीय. फिल्म येईपर्यंत तग धर म्हटलं.

५ जुलै.
उद्या पाहुणे, आणि दारापुढे नाव बांधायचो तिथे कोरडा खड्डा. आठवड्याचा सरकारी टँकर आला, तो अख्खा खड्ड्यात ओतायला लावला. जब्बार ओरडला, "आई, ते कोरडंच बघायला येतायत!" म्हटलं, "बाळा, पाहुण्याला रिकामी घागर दाखवलीय कधी आपण? मग रिकामं दार दाखवू?"
पोरगा पाय आपटत निघून गेला. शांतता घशाला बरी.

६ जुलै.
खड्डा बघून रुआचं तोंड उतरलं. "खाला," मावशीच म्हणते मला, "भेगा कुठायत?" म्हटलं, "माझ्या टाचा बघ. हव्या तेवढ्या आहेत."
मग म्हणे, पाण्यासाठी विलाप गा. मयत नसताना विलाप केला की मयत घडतं, एवढंही शहरात शिकवत नाहीत. "पाणी मेलं नाही गं, गावाला गेलंय." नवरी नावेतून सासरी येते ते गाणं म्हटलं. कहला पाण्यात डुंबत होती. रुआने कपाळाला हात लावला. भारावली असणार.

८ जुलै.
खड्ड्यातलं पाणी जमिनीने पिऊन टाकलं. शेजारणीकडून घागरभर पाणी आणलं. सोबत तिचं बोलणंही. पुढचा टँकर येईलच.

२० ऑगस्ट.
फिल्म मोबाईलवर आली. सगळ्या गावांच्या भेगाच भेगा, आणि मधोमध मी, म्हैस, पाणी. नजीहा म्हणते, लोक माझाच तुकडा एकमेकांना पाठवतायत. सांगितलं नव्हतं?

२४ ऑगस्ट.
टँकर आला नाही. जब्बार कचेरीत विचारायला गेला. साहेबाने मोबाईलच पुढे धरला. "ही तुझीच आई ना? अरे, तुमच्याकडे तर म्हशी डुंबतायत! तुमचा टँकर भेगावाल्या गावाला दिला." गाण्याची तारीफ केली म्हणे.
जब्बारने हे सांगितलं आणि दावं शोधायला लागला. उद्या कहलाला बाजारात नेणार. ती कोरड्या खड्ड्यात जाऊन बसलीय, उठत नाही.

संध्याकाळ.
तिच्याजवळ बसून विलाप म्हटला. पूर्ण. हळू आवाजात.
नजीहा विचारतेय, हेही लिहू का?
लिही: रियाझ केला.