पिमचं नाव आता शाईने

संडासातल्या कॅलेंडरवरून पिमचं नाव कोणी खोडलं हे मला माहीत आहे, आणि जिने खोडलं तिला मी अजून माफ केलेलं नाही, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. नोटरीसाहेब म्हणाले होते, सुरुवात नाव, गाव, वयाने करा. तर घ्या. मी विल्मा व्हरहूफ, वय छप्पन्न, राहणार फ्लार्डिंगन, धंदा बाजारात गाड्यावर हेरिंग मासळी विकण्याचा. डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही, रागाने लिहिते आहे. राग आला म्हणजे डोकं फिरलं असं नसतं, हेही नोटरीसाहेबांनी नोंदवून घ्यावं.

माझ्या पोटाचं दुसरं ऑपरेशन मंगळवारी २२ एप्रिलला आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक उठाल. मी चाळीस वर्षं मासळी विकली, गिऱ्हाइकाला "बहुतेक ताजी आहे" असं एकदाही म्हटलं नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

१. घर भाड्याचं आहे, ते ज्यांचं त्यांना परत. भिंतीतले खिळे मी ठोकलेत, ते मी काढणार नाही.

२. गाडा विकावा. बाजारातली माझी जागा नगरपालिका दुसऱ्या कोणाला देईल. त्याला एवढंच सांगा की उत्तरेकडून वारा येतो, पडदा त्या बाजूने बांध.

३. माझा रेडिओ आणि बाजारहाटाची चाकं लावलेली टोपली शेजारी बारेंट यांना. वय चौऱ्याहत्तर, पूर्वी बंदरात टगबोटीवर होते. त्यांना का, ते पुढे कळेल.

४. पिम.

पिम अजगर आहे. वय दहा महिने, लांबी शाळेतल्या दोन पट्ट्यांएवढी, जाडी माझ्या अंगठ्याएवढी. घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होतो. अजून कोणाला चावलेला नाही. लोक विचारतात, कुत्रा का नाही पाळला? कुत्र्याला फिरवायला पाय लागतात, माझे पाय दिवसभर गाड्यामागे उभे असतात. पिम मी स्वतःसाठी आणला. आयुष्यात स्वतःसाठी आणलेली ही पहिली गोष्ट, आणि तीच माझ्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने थंडीत नेऊन ठेवली.

काय झालं ते नोटरीसाहेबांना कळावं म्हणून लिहिते. माझं पहिलं ऑपरेशन ६ फेब्रुवारीला झालं. सोळा दिवस दवाखान्यात होते. घराची किल्ली माझी धाकटी बहीण रीया आणि तिचा नवरा योप यांच्याकडे दिली. रीया शाळेत शिकवते. मी तिला सांगितलं होतं, "पिमच्या खाण्याच्या तारखा संडासातल्या कॅलेंडरवर आहेत, बाकी सगळं फ्रीझरच्या दारावर चिकटवलंय." आमच्याकडे सगळ्यांचे वाढदिवस त्याच कॅलेंडरवर असतात. बसलं की समोर दिसतं, म्हणून कोणाचा विसरत नाही. त्याच्यावर वार नसतात, साल नसतं, नुसत्या तारखा, त्यामुळे एकच कॅलेंडर जन्मभर पुरतं. माझ्याकडचं आईचं आहे. पिमचे शनिवार फेब्रुवारीत ८, १५ आणि २२ ला येत होते, ते मी लिहिले. १५ ला आईचा वाढदिवस. आईचं नाव वर, पिमचं खाली.

रीयाने खोडरबर घेऊन तिन्ही पिम पुसले. आईच्या नावाखाली साप कसा, म्हणे. माझी चूक एवढीच की मी पेन्सिलीने लिहिलं.

मग तिने फ्रीझर उघडला. त्यात पिमचे उंदीर होते, नीट पिशवीत बांधून, बटाट्याच्या शेजारी. सगळे कचऱ्यात. योपने पिमच्या काचेच्या पेटीतल्या दिव्याचा आणि गरम गादीचा प्लग काढला, "हा दिवा कोणासाठी जळतोय, घरी तर कोणी नाही," म्हणून. आणि रीयाला झाडांना पाणी घालताना पिमची काच समोर नको होती, म्हणून दोघांनी ती पेटी उचलून खाली सायकलींच्या खोलीत नेली. फेब्रुवारीत. तिथे सायकलीच्या सीटवर बर्फ धरतो.

एक रात्र पिम तिथे होता. सकाळी बारेंट सायकल काढायला गेले. त्यांनी पेटीत हात घातला, पिमला स्वेटरच्या आत पोटाशी धरलं आणि तसेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेले. श्वास घेताना पिमच्या नाकातून बुडबुडे येत होते. डॉक्टर म्हणाले, औषध द्या, ऊब द्या, छाती मोकळी होईपर्यंत खायला देऊ नका. बारेंटने पेटी स्वतःच्या घरात ठेवली, प्लग लावला, आणि रोज दोनदा औषध दिलं. या माणसाला आपला चष्मा सापडत नाही.

आणि मी दवाखान्यातून फोनवर विचारत होते, "रीया, पिम कसा आहे?"

"मजेत आहे."

"खाल्लं का?"

"हो गं विल, तू तुझं बघ."

हे "हो गं" मी कधीही विसरणार नाही.

घरी आले तेव्हा पेटीची जागा रिकामी होती. मी तिथेच कोट घालून बसले. बारेंटने दार वाजवलं, स्वेटर पुढे फुगलेला. म्हणाले, "शेजारीणबाई, ओरडू नका. जिवंत आहे. फक्त माझ्यावर रुसलाय, दोनदा अंगावर घाण केली."

नंतर ९ मार्चला माझा वाढदिवस आला. मला नको होता, पण खुर्च्या गोल मांडल्या, सगळे आले, आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांचं अभिनंदन केलं, एकेक केकचा तुकडा घेऊन बसले. योपने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "ऐका, विल्माने संडासात सापाचा वाढदिवस लिहिलाय! वर्षाला बावन्न!" सगळे हसले.

मी म्हटलं, "वाढदिवस नाही, जेवण. तुझं वर्षाला तीनशे पासष्ट वेळा होतं, तुला कोणी पुसतं का?"

रीया म्हणाली, "विल, तो प्राणी आहे. त्याला कळतही नाही तू कोण ते."

"तुला तरी कळलं का, सोळा दिवस?"

"मी आईसाठी केलं. तिच्या नावाखाली…"

"आई मासळीवाली होती. तिला साप चालला असता. खोटं बोललेलं चाललं नसतं."

बारेंट तेवढ्यात म्हणाले, "शेजारीणबाई, केक छान झालाय." त्यांना भांडण सोसत नाही. पण मी ते विसरले नाही आणि रीयाही विसरली नाही, कारण त्या दिवसापासून तिचा फोन आलेला नाही. आज ४ एप्रिल.

५. पिमला कसं सांभाळायचं. हे नोटरीसाहेबांनी जसंच्या तसं टाइप करावं, त्यांना किळस आली तरी.

आठवड्यातून एकदा एक उंदीर. पिमच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा जाड, त्याहून मोठा नाही. आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढायचा. सकाळी पिशवीसकट गरम पाण्यात ठेवायचा, हाताला ऊब लागेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही, आतून शिजतो आणि फुटतो. जिवंत उंदीर द्यायचा नाही, तो पिमला चावेल. लांब चिमट्याने द्यायचा, बोटांनी नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो. डोळे निळसर धुरकट झाले की कात टाकणार, तेव्हा तो खात नाही. रुसला असं समजू नका. कधी आठवडा दोन आठवडे उगाच खात नाही, तेव्हा जबरदस्ती करू नका, पुढच्या शनिवारी पुन्हा विचारा. पेटीची एक बाजू बत्तीस अंश, दुसरी पंचवीस. दोन्हीकडे लपायला एकेक डबा. ताजं पाणी रोज. प्लग काढायचा नाही. प्लग काढायचा नाही, हे मी दोनदा लिहिलं आहे, योपसाठी.

हात आधी साबणाने आणि मग लिंबाने धुवायचे. मी हेरिंग कापून आले की माझ्या हाताला मासळीचा वास असतो. पिमला तो कळतो, तो माझ्याकडे मान वळवतो, जेवण आलं समजून. कळत नाही म्हणे त्याला.

६. पिम कोणाला. बारेंट म्हणाले, "मला द्या." मी विचारलं, "शेजारी, हा तीस वर्षं जगतो." ते जरा वेळ बोटं मोजत बसले आणि म्हणाले, "मग मला देऊ नका." म्हणून बारेंटला रेडिओ.

पिम रीयाला.

हो, रीयालाच. नोटरीसाहेब, चूक झालेली नाही. रीया सहा वर्षांची होती तेव्हा आई आजारी पडली. मी पंधराची. शाळेचे साहेब मला शोधत दोनदा दारात आले, आईने दोनदा त्यांच्या हातात हेरिंग बांधून दिलं, आणि मी गाड्यामागे उभी राहिले. घरी येऊन रीयाला जेवू घालायचे. ती मटार खात नसे, मासळीचा वास आला की तोंड फिरवायची, तापात असली की चमच्याने द्यावं लागायचं. मी लिंबाने हात धुवायचे ते तेव्हापासून. बारा वर्षं रोज. मला कॅलेंडर लागलं नाही आणि मी एकदाही "मजेत आहे" असं खोटं सांगितलं नाही. तिची शाळा माझ्या सुरीवर झाली. ती शिकली याचं मला चांगलं वाटतं, हेही लिहा. पण भरवणं म्हणजे काय ते तिला कोणी शिकवलं नाही, आणि तो दोष माझा असेल तर मी तो आता भरून काढते आहे.

७. माझी हेरिंगची सुरी, पातं झिजून बोटाएवढं झालंय, तीही रीयाला. बँकेतलं जे असेल ते, आणि गाड्याचे येतील ते, पिमसोबत तिच्याकडेच. पण रीयाने पिमला घेतलं नाही तर पिम, शिल्लक आणि सुरीसुद्धा सरपटणाऱ्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या आश्रमाला. तिथले लोक निदान प्लग काढत नाहीत.

८. योपला खोडरबर.

९. आईचं कॅलेंडर रीयाला. तिने ते आपल्या घरी संडासात लावावं, बसलं की समोर येईल असं, सगळ्यांच्या नजरेला. मी एप्रिलच्या पानावर पिमचं नाव पुन्हा लिहिलं आहे, ५, १२, १९ आणि २६, शाईने. पुढचे महिने ज्याने भरवायचं त्याने भरावेत. ९ मार्चला माझं नाव आहे. मी गेले तर त्यावर फुली मारू नये. आईच्या नावावरही मी मारलेली नाही.

एवढं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर पुन्हा वाचलं आणि सही केली. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, म्हणून तेच निवडले.

विल्मा व्हरहूफ

साक्षीदार: दिर्क होइमान, शेजारच्या गाड्यावरचा चीजवाला (म्हणाला, "सापाचं कलम तेवढं लांब झालंय." झालं तर झालं.)
साक्षीदार: लतीफा बुझियान, जखमेची पट्टी बदलायला घरी येणारी नर्स

फ्लार्डिंगन, शुक्रवार ४ एप्रिल २०२५

ता.क. रीया, याची एक प्रत तुझ्या दारातून आत टाकते आहे. सोमवारी १४ तारखेला मला नोटरीकडे जायचं आहे, तेव्हा सहाव्या कलमात कोणाचं नाव टाइप करायचं ते मला त्याआधी कळलं पाहिजे. फोन नको, फोनवर तू "हो गं" म्हणतेस. शनिवारी १२ तारखेला दुपारी चारला पिमचं जेवण आहे. उंदीर मी गरम करून ठेवीन, चिमटा टेबलावर असेल, लिंबू कापलेलं असेल. मी शेजारी उभी राहीन पण हात लावणार नाही. आलीस तर ते उत्तर. चारपर्यंत आली नाहीस तर तेही उत्तर.