आई माझ्याकडे जेवत नाही

२२ डिसेंबर, रविवार. नांदेड

“तुझ्या घरचं पाणी मी तुझं लेकरू झाल्यावरच पिईन, अल्के.” माझ्या पाठवणीच्या वेळी आई म्हणाली होती. हसत म्हणाली होती, आजूबाजूच्या बायाही हसल्या होत्या. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच आया असं म्हणायच्या. वर्ष-दोन वर्षांत नातवंड व्हायचं, आई बाळंतविडा घेऊन यायची, लेकीच्या हातचं पोटभर जेवायची आणि विषय संपायचा.

माझा संपला नाही.

आज आठवायचं कारण संतोषचा लातूरहून फोन. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या झाली की तो, त्याची बायको सुरेखा आणि पोरं कोकणात जाणार. पोरांच्या क्लासला तेवढीच सुट्टी. मग गावी आईकडे आठवडाभर कुणी फिरकणारं नाही. “अक्का, तू आठवडाभर तिला नांदेडला...” एवढं बोलून तोच थांबला. भावाला एवढी अडचण वाटावी याचंच वाईट वाटलं. म्हटलं, आणते.

कशी आणणार, माहीत नाही.

२३ डिसें., सोम.

वर्ष संपताना उरलेल्या सी.एल. बुडतात, म्हणून कॉलेजात सगळ्यांची अर्ज द्यायची घाई. ग्रंथालयात सगळ्यात जास्त रजा माझ्याच उरलेल्या. देशमुख सर म्हणाले, “मॅडम, तुम्हाला सुट्टी घेऊन करायचंय काय? घरी कोण वाट बघतंय?” वाईट हेतूनं नाही बोलले. स्टाफ हसला. मीही हसले.

मग मी म्हणाले, आई येणार आहे माझी.

बोलून गेले. दिवसभर ते वाक्य तोंडात बरं वाटत राहिलं.

२५ डिसें., बुध.

नाताळची सुट्टी. थंडी वाढली. शेजारच्या रेहानाआपाची लेक हैदराबादहून आली आहे, दोन्ही लेकरांना घेऊन. सकाळपासून भिंतीपलीकडे धावपळ. काहीतरी पडतं, कुणीतरी रडतं, आपा ओरडते, मग सगळे हसतात. मी रेडिओ लावून बसले. मग बंद केला. भिंतीपलीकडचंच बरं होतं.

दुपारी आपा गाजराचा हलवा घेऊन आली. “अम्मी येऊन राहिली म्हणे?” कॉलेजातलं इथपर्यंत कसं पोचतं कोण जाणे. बघू म्हटलं.

मोहन, माझा नवरा, गेला तेव्हा आई सगळे दिवस होईपर्यंत इथंच राहिली. माझ्या घरात झोपायची, माझं डोकं मांडीवर घेऊन बसायची, पण जेवणवेळ झाली की उठून आपाच्या दारात. आपानं तिच्यासाठी नवी पातेली आणली होती. चहा तिकडं, पाणी तिकडं. एकदा आपानं विचारलंच, “अम्मी, माझ्या घरचं चालतं, पोटच्या पोरीचं चालत नाही. हा कोणता हिसाब?” आई म्हणाली, “तू माझी लेक न्हाईस म्हणून चालतं.” त्यावर आपा, “ये तो मुझे बुरा लगा.” अशा दिवसांतसुद्धा तिघी हसलो होतो.

आज आपा ते सगळं परत बोलली. जाताना म्हणाली, नवी पातेली अजून आहेत.

२७ डिसें., शुक्र.

दिवाण खिडकीपाशी सरकवला. तिथं सकाळचं ऊन येतं. रजई वाळत घातली. बाथरूममध्ये रबरी मॅट टाकली, तिचे गुडघे. ज्वारी दळून आणली. पीठ डब्यात भरताना थांबले. हे ती खाणार नाही. तरी भरलं.

इकडं नांदेडात येळवशीचं कुणाला फारसं नाही. ग्रंथालयातल्या मुलीला सांगत होते, त्या दिवशी लातुरात दुकानंसुद्धा बंद असतात, शहर रिकामं होतं, ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात जेवतो. ती म्हणाली, म्हणजे पिकनिकच की मॅडम. हो म्हटलं. सांगता येत नाही सगळं.

२९ डिसें., रवि.

तिळाच्या पोळ्या केल्या. पहिली फुटली, सारण तव्यावर सांडलं. बाकीच्या जमल्या. येळवशीला रिकाम्या हातानं जायचं नसतं. आई यातली खाणार नाही हे धरूनच केल्या, पोरं खातील.

आपाच्या नातीला एक दिली. तिनं अर्धी खाऊन अर्धी परत आणून दिली.

३० डिसें., सोम. गावी

येळवस. पहाटेची एस.टी., लोहा, अहमदपूर, मग चाकूर. तिथून संतोषनं गाडीत घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया डोक्यावर टोपल्या घेऊन शेताकडं निघालेल्या. कितीतरी वर्षांत इतकी माणसं एका दिशेनं जाताना पाहिली नव्हती.

आमच्या शेतात कडब्याची कोप उभी होती. आत पाच पांडव, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. आईनं स्वतः पूजा केली, मग सगळ्या शेताला आंबील शिंपडायला संतोषला पाठवलं. तो बूट घालून निघाला म्हणून ओरडली. मग भज्जी, म्हणजे ओले दाणे नि पालेभाज्यांची मिसळ, बाजरीचे वाफवलेले उंडे, गाडग्यातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला हाक. एक मोटारसायकलवाला ‘घाई आहे’ म्हणत होता, आईनं त्याला ऐकूच दिलं नाही. बसवलं, वाढलं, आणि मग विचारलं तू कुणाचा.

घोटाळा असा झाला. सुरेखानं माझा डबा उघडून पोळ्या तिच्या पोळ्यांच्याच दुरडीत टाकल्या. मला दिसलं, मी बोलले नाही. का नाही बोलले? आईनं दुरडीत हात घातला. वरचीच काढली. माझी. काठ जरा जाड असतो माझ्या पोळीचा.

अर्धी खाऊन झाल्यावर आई म्हणाली, “सुरेखा, औंदा पोळी लई बेस जमली गं. तीळ नीट भाजल्यात.”

सुरेखाच्या तोंडून निघून गेलं, “माझी न्हाई आत्याबाई, वन्संची हाय ती.”

कोपीत सगळ्यांचे हात थांबले. मोटारसायकलवाला एकटाच खात होता, त्याला काय माहीत. आई हातातल्या पोळीकडं बघत राहिली. मला वाटलं, ठेवणार आता खाली. तेवढं मला बघायचं नव्हतं.

ती संतोषला म्हणाली, “हे शेत कुणाचं हाय?”

“तुझंच की.”

“मग झालं. माझ्या शेतात आलं ते माझ्या घरचं.”

आणि तूप लावून उरलेली खाल्ली.

सगळे हसले. संतोष म्हणाला, तुला वकील करायला पाहिजे होतं. मीही हसले. मग हात धुवायला म्हणून तुरीच्या कडेनं बांधापर्यंत गेले. बराच वेळ धुतले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरचं काही तिच्या पोटात गेलं. आणि ते माझं म्हणून मोजलं गेलं नाही.

३१ डिसें., मंगळ. (चाकूर स्टँडवर, गाडीची वाट बघत)

संतोषची माणसं सकाळी गेली. दुपारपर्यंत मी आणि आईच. ओट्यावर उन्हात बसून ती ओला हरभरा सोलत होती. मी पण सोलायला घेतला. विचारलं, चल माझ्यासंगं. दिवाण खिडकीपाशी लावलाय. आपा वाट बघतीये. आपाकडं जेव, मी काही म्हणणार नाही.

“कोंबड्यांना कोण बघंल?” कोंबड्या चार आहेत. शेजारची बघते म्हणाली होती, मी आधीच विचारून आले होते. मग थंडी. मग गुडघे. मग एस.टी.त उलटी होते. प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरासरशी ती आणखी चिडत गेली.

शेवटी मीच चिडले. म्हटलं, आता कोण विचारतंय गं लेकीच्या घरचं खाल्लं का म्हणून? ज्या बायांसमोर बोललीस त्यातल्या निम्म्या गेल्या.

ती म्हणाली, “लोकांसाठी न्हाई.”

हरभरा सोलत राहिली. मग माझ्याकडं न बघता, “तुझ्या घरी घोटभर पाणी पिलं, म्हंजे मीच म्हणल्यागत झालं की आता माझ्या लेकीला लेकरू व्हायचं न्हाई. ते मी कसं म्हणू?”

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. मोहन जाऊन सहा वर्षं झाली. हे सगळं तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. घाटे संपले. तिनं दाणे पिशवीत बांधून माझ्याकडं दिले, “उसळ कर. एकटीला पुरंल.”

उद्या हजर व्हायचंय. नव्या वर्षाची रजा पहिल्याच दिवशी कशी मागू.

गाडी लागली.

२ जाने., गुरु. नांदेड

काल कॉलेजात नुसतं हॅपी न्यू इयर चालू होतं. आज देशमुख सरांनी विचारलं, आली का आई? हो म्हटलं. काय काय खाऊ घातलं? भज्जी, म्हटलं. वा, म्हणाले, नशीबवान आहात.

आता आठवडाभर ती माझ्याकडे आहे, असं सगळ्यांना वाटतंय. मधल्या सुट्टीत एक जण म्हणालीसुद्धा, जा लवकर, आई एकटी असेल घरी.

गेले लवकर.

४ जाने., शनि.

आपाची लेक सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेली. आपा दारात उभी होती बराच वेळ, मग आत गेली, मग कडी वाजली. भिंत गप्प.

आईला फोन केला. खोकतेय. काढा घेतला म्हणाली. संतोषचा समुद्राचा फोटो शेजारच्या पोरीनं तिला मोबाईलवर दाखवला. “नुसतं पाणीच हाय, त्यात बघायचं काय,” म्हणाली. मी जेवले का विचारलं. हो म्हटलं. काय खाल्लं? खिचडी. बसून खाल्ली का? हे तिनं का विचारलं, माहीत नाही. मी खोटं बोलू शकले नाही. मोहन गेल्यापासून मी ताट वाढून घेत नाही, ओट्याशी उभ्यानंच खाते, पातेल्यातून. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

फोनवर नुसता खोकला.

नाहीच म्हणणार ती, कोंबड्या, गुडघे, थंडी. ती बोलायला लागायच्या आत मी बोलून टाकलं. म्हटलं, आई, उद्या रविवार आहे, सकाळीच गाडी करून येते न्यायला. खाऊ नको काही. पाणीपण पिऊ नको माझ्या घरचं. फक्त मी जेवताना माझ्यासमोर बस.