गच्चीवरची दोरी

६ जानेवारी

हुश्श! खाजेला एकदाचं नाव मिळालं — बुरशी. वाघोडियाच्या कंपनी-बसमध्ये रोज चुळबुळत बसायचं आणि वर हसतमुख राहायचं — पुरे झालं ते.

डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं. मग विचारलं, "आतले कपडे कुठे वाळवता?"

मोरीतल्या दोरीवर, वरून टॉवेल टाकून. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तसंच शिकवलं.

"आणि पुरुषांचे?"

गच्चीवर. छान फडफडत!

"तुमचेही उन्हात टाका. आजपासून," बाई म्हणाल्या.

७ जानेवारी

टाकले! नवऱ्याच्या, समरजितच्या बनियनशेजारीच. नवरोजी म्हणाले, "त्यात काय एवढं?" त्याला काय, त्याने कधी टॉवेलखाली काही लपवलंय?

संध्याकाळी घरी येते तर सगळे परत मोरीत. टॉवेलखाली.

१० जानेवारी

रोज मी टाकते, मी कामावर गेले की आई, म्हणजे सासूबाई, काढून आणतात. मीही हट्टाची!

आज त्यांनी तोंड उघडलं. "अगं रूपाली, समोर कोकिलाबेनची गच्ची. घरात सासरे. बाईच्या जातीला जरा आडोसा नको?"

"आई, खाज मला सुटते. कोकिलाबेनला नाही."

बोलले आणि जीभ चावली. खरं सांगू? बरंही वाटलं. आई चिडल्या नाहीत.

१३ जानेवारी

आईंचं फर्मान निघालं — उद्या उत्तरायण, पतंगांचा दिवस, आमचा सगळा नागरवाडा गच्चीवर, दोरी रिकामी पाहिजे! समरजितही म्हणे, एक दिवस राहू दे ना.

नाही राहू देणार. आत्ता कुठे बरं वाटतंय.

१४ जानेवारी

हसून हसून पोट दुखतंय.

सकाळीच टाकले कपडे. आई जिन्याच्या दारात, कपाळाला हात लावून. समोर कोकिलाबेनचं सगळं खानदान. आणि बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा मांजा अडकला कुठे? माझ्या चड्डीत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाबा पतंगाचे वेडे. "ए, कुणी ओढू नका! मांजा तुटेल!" चिमटे काढले, चड्डी हातात घेतली, हलक्या हाताने मांजा सोडवला. चड्डी परत दोरीवर, चिमट्यांसकट. आणि मला म्हणतात, "सूनबाई, ही दोरी त्या कोपऱ्यात बांधू. इथे पतंगाला नडते."

बस्स! एवढंच. कोकिलाबेन "काप्यो! काप्यो!" म्हणून नाचत होत्या, पण ते त्यांनी कापलेल्या पतंगासाठी.

सगळे हसले. आई तेवढ्या नाही हसल्या.

१६ जानेवारी

बाबांनी दोरी हलवली. भरपूर ऊन येतं तिथे. आज कपडे कुणी काढले नव्हते, कडकडीत वाळलेले मिळाले. वा!

१७ जानेवारी

आज दोरीवर माझ्या कपड्यांशेजारी आईंचेही होते.

खाली आले. आई पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंकडे मला नेशील? मलाही तेच आहे. लग्न झाल्यापासून."