मुठीतला अंगठा

संग्रामपूर

प्रसेनजित दादाले जय भीम,

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू, मले समजून नाही राह्यलं.

जर्मनीच्या सिनेमात तू आधी बिनसंवादाचं प्रेत झाला, मग चोर, मग मोठा नट. तिथलाच नागरिक झाला, बक्षिसं भेटली, तरी दर सिनेमात मेलाच. बाबा घाबरत, म्हणून सिनेमा लागला का तू फोन करायचा, "बाबा, मी जित्ता हाय."

मले फोनची गरज नव्हती. लहानपणी मेल्याचं सोंग घेताना, मी रडू नये म्हणून तू डाव्या मुठीत अंगठा लपवून जित्ता असल्याची खूण करायचा. पडद्यावरही तेच करत आला. मी चेहऱ्याआधी तुझी मूठ पाहते.

काल पोलीस आले. जर्मनीहून आलेला फोटो दाखवला. नदीकाठी तू पडलेला. ओळखता का, म्हणाले.

बाबा हसले. "नवा पिक्चर असन साहेब. त्याचा फोन येते आता."

तवापासून मोबाईल मांडीवर घेऊन बसले हायेत. मी त्याइले काही सांगतलं नाही.

दादा, मी तो फोटो पोलिसाच्या मोबाईलवर मोठा करून पाह्यला. डावा हात उघडा होता. पाचही बोटं दिसत होती.

तुझी मूठ ओळखणारी,
रेणुका